लघवी अडणे : दुर्बीण, लेसर की वाफ?

आपल्या वरवट बकाल भागात लघवीचा त्रास झाला की खाऱ्या पाण्यावर खापर फोडून मोकळे होतात. खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाचे आजार आहेत, हे खोटे नाही. परंतु पन्नाशी-साठी ओलांडलेल्या सभासदाची धार बारीक झाली, रात्री चारदा उठावे लागले, तर प्रोस्टेट ग्रंथी वाढल्याचा संशय आधी घ्यावा. ही ग्रंथी लघवीच्या नळीभोवती असते. पाटाच्या दोन्ही कडा आत सरकल्या की पाणी मागे तुंबते, तसेच हे. तुंबारा लांबला तर मूत्रपिंडालाही इजा होते.

प्रथम गोळ्या. टॅमसुलोसिनचा गुण काही दिवसांत येतो, फिनास्टेराइडला सहा महिने लागतात. त्याने भागले तर उत्तमच.

न भागल्यास जुना, खात्रीचा उपाय म्हणजे दुर्बिणीचे ऑपरेशन, टीयूआरपी. पोटाला चिरा नाही; कमरेखाली भूल देऊन लघवीच्या वाटेनेच ग्रंथी आतून खरवडतात. आराम टिकतो. मात्र नंतर बहुतेकांचे वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाते. डॉक्टर हे सांगतात, ऐकणारा लाजून पुढचे विचारीत नाही! होल्मियम लेसरने फार मोठी ग्रंथीही काढता येते, रक्त कमी जाते. पण हात सरावाचा हवा, आणि वीर्याची गोष्ट तीच.

नवे उपाय दोन. यूरोलिफ्टमध्ये (अमेरिकेत मान्यता २०१३) बारीक टाक्यांनी ग्रंथी बाजूला ओढून धरतात. रेझूममध्ये (२०१५) पाण्याची वाफ सोडतात. ग्रंथी हळूहळू आकसते, नळी काही दिवस ठेवावी लागते, पुरता गुण यायला दोन-तीन महिने. दोन्हींत वीर्याचा प्रश्न सहसा येत नाही. परंतु ८० ग्रॅमपर्यंतच्या ग्रंथींवर झालेल्या मुख्य चाचण्यांत, पाच वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया शंभरात टाक्यांच्या सुमारे १४ जणांना, वाफेच्या ४-५ जणांना लागली.

आमचे मत असे की, लघवी वारंवार पूर्ण अडते किंवा मूत्रपिंडावर ताण आला आहे, त्याने नव्याच्या मागे न लागता दुर्बीण वा लेसरचाच विचार डॉक्टरांशी करावा.

जाण्यापूर्वी सोनोग्राफीत ग्रंथीचे वजन व लघवीनंतर उरणारे पाणी लिहून घ्यावे, क्रिएटिनिन व पीएसए तपासावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास आधी सांगावे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेबाबत रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे. ऑपरेशननंतर महिनाभर जड उचलता येत नाही. तेव्हा अगदीच घाई नसेल तर तारीख कापसाची वेचणी आटोपल्यावरची घ्यावी.