इतर रुग्णांना पाहून वडील खचतील का?

प्रश्न : माझ्या ६८ वर्षांच्या वडिलांना पार्किन्सन्स आहे. त्यांना स्वमदत गटात न्यावं असं मला वाटतं. पण पुढच्या अवस्थेतले रुग्ण पाहून ते खचतील, अशी आईला धास्ती आहे. काय करावं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आईंची धास्ती मायेपोटी आहे. पण शेजारच्या खुर्चीतल्या माणसाची आजची अवस्था म्हणजे आपला उद्या, हा गैरसमज आहे. या आजाराचा वेग आणि लक्षणं माणसागणिक वेगळी असतात. कुणाचा हात थरथरतो, कुणाला कंप नसतोच, नुसत्या हालचाली मंदावतात. घरात बसून हे कळत नाही. उलट लोक काय म्हणतील म्हणून कंप लपवत कोंडून घेतलं, की चालणं, बोलणं, उमेद सगळंच आटत जातं. नियमित व्यायामानं चाल आणि तोल सुधारतो, हे अभ्यासांतून दिसलं आहे, आणि सोबत असली की व्यायाम टिकतो. तुमच्या पुण्यातच पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथे रुग्णाला शुभार्थी आणि काळजीवाहकाला शुभंकर म्हणतात. गट दोघांसाठीही आहे, म्हणून आईंनाही न्या, त्यांनाही बोलायला माणूस हवं. तरीही पहिल्या भेटीनंतर वडील अस्वस्थ झाले तर आग्रह नको. उदासी रेंगाळली तर मात्र मेंदूविकारतज्ज्ञांना सांगा, कारण नैराश्य या आजाराचंच लक्षण असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. गटातल्या कुणाचं ऐकून गोळ्यांचं प्रमाण बदलू नका. या आजारावरचं लेव्होडोपा हे औषध अचानक थांबवणं धोक्याचं असतं. २०१६च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात पार्किन्सन्सचा समावेश आहे, तेव्हा दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचीही चौकशी करून ठेवा.