जखम भरते, मग वाढ थांबते
(पाठटाचण : इयत्ता सातवी, सामान्य विज्ञान)



गत हिवाळ्यात अचलपूर तालुक्यातील एका शाळेस भेट देण्याचा योग आला. सातवीच्या वर्गात पेशींचा पाठ चालू होता. गुडघा खरचटला तरी नव्या पेशी निर्माण होऊन कातडी पूर्ववत होते, असे गुरुजींनी सांगताच एक मुलगी उभी राहिली व म्हणाली, "गुरुजी, आमच्या आबाजीच्या गालातला फोड तीन महिने झाले, भरूनच नाही राह्यला. तो काहून भरत नाही?" वर्ग स्तब्ध झाला. उत्तर कोणापाशीच तयार नव्हते. म्हणून हे टाचण.

उद्देश : पेशींची वाढ नियमबद्ध असते व तो नियम मोडल्यास कर्करोग उद्भवतो, हे विद्यार्थ्यांस समजावून देणे.

प्रस्तावना : जखम भरताना पेशी वाढतात, हे मुलांस ठाऊक आहे. मग विचारावे, "जखम भरल्यावर ही वाढ थांबवितो कोण?"

विवेचन : जीर्ण दाखलखारीज रजिस्टराची नवी प्रत करावयाची असता आपण काय करतो? प्रथम मूळ पाने शाबूत आहेत की नाहीत ते पाहतो. नक्कल झाल्यावर ती मुळाशी ताडतो. नंतरच मुख्याध्यापक स्वाक्षरी करतात. पेशीचेही तसेच आहे. एका पेशीच्या दोन होण्यापूर्वी तीन ठिकाणी तपासणी होते. पहिली : नव्या पेशीची गरज आहे काय, आणि आनुवंशिक माहिती शाबूत आहे काय? दुसरी : त्या माहितीची नक्कल पूर्ण व बिनचूक झाली काय? तिसरी : ४६ गुणसूत्रांच्या नकला दोन्ही पेशींत सारख्या वाटल्या जातील अशा जोडल्या आहेत काय? पाव फुगविणाऱ्या यीस्टवर प्रयोग करून लेलँड हार्टवेल यांनी ही व्यवस्था उलगडली. त्यांस पॉल नर्स व टिम हंट यांच्यासह २००१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या तपासनिसांपैकी 'पी-५३' नावाचे प्रथिन १९७९ साली आढळले. चूक दिसताच ते विभाजन रोखते. दुरुस्ती झाली तर काम पुढे चालते. न झाली तर ती पेशी स्वतःच नाश पावते. मात्र पी-५३ चे जनुकच बिघडले, तर सदोष पेशी अडविणारा एक प्रमुख पहारेकरी नाहीसा होतो. मानवी कर्करोगांपैकी सुमारे निम्म्यांत हे जनुक बिघडलेले सापडते. एका चुकीने कर्करोग होत नाही. अनेक वर्षांत अनेक चुका साचाव्या लागतात.

खर्रा, तंबाखू व सुपारी यांचा अपाय येथेच होतो. त्यांतील द्रव्ये आनुवंशिक माहितीस इजा करतात. शिवाय गालाचे अस्तर वारंवार सोलवटल्याने पेशींना पुनःपुन्हा विभागावे लागते आणि चुकीची संधी वाढते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ साली मुखकर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध करून या रोगाचा व तंबाखूच्या सवयीचा संबंध पुढे मांडला होता. तरीही आपल्या शाळांच्या फाटकाजवळ खर्‍याच्या पन्न्या आजही आढळतात. आणि खेदाने लिहावे लागते की त्या सर्वच गावकऱ्यांनी टाकलेल्या नसतात.

संकलनाचे प्रश्न : (१) पेशी विभागण्यापूर्वी कोणत्या तीन गोष्टी तपासल्या जातात? (२) सदोष पेशी नाश पावणे शरीराच्या हिताचे कसे?

उपयोजन : तोंडातील व्रण तीन आठवड्यांत न भरल्यास, पांढरा वा लाल चट्टा दिसल्यास, अथवा आपलीच तीन बोटे उभी तोंडात जात नसल्यास विलंब न करता सरकारी रुग्णालयात दाखवावे, हे मुलांनी घरी सांगावे. प्रारंभी ओळखलेला रोग बरा होण्याची शक्यता पुष्कळ असते. हा रोग स्पर्शाने पसरत नाही, हेही आवर्जून सांगावे. ज्यांच्या घरी रुग्ण आहे त्या मुलास वर्गात अवघडल्यासारखे होऊ नये, याची काळजी शिक्षकाने घ्यावी.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर ते गुरुजी मुलीबरोबर तिच्या घरी गेले व दुसऱ्याच दिवशी आबाजींना रुग्णालयात घेऊन गेले. जाताना त्यांनी आपल्या खिशातील पुडी शाळेच्या कचरापेटीत टाकली. पाठाचे खरे उपयोजन ते हेच.