क्वेरी का रेंगाळते?
डेटाबेसच्या संथपणाची पारख आणि त्यावरील उपाय

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, तंजावर जिल्ह्यातील गावांत, भाताचे तीन हंगाम ओळखले जातात : कुरुवै, सांबा आणि ताळडी. त्यांपैकी सांबा भात ऑगस्टच्या सुमारास लावले जाते व जानेवारीच्या सुमारास कापणीस येते. पीक ऐन वाढीत असता ईशान्य मोसमी पाऊस आणि बंगालच्या उपसागरातील वादळे त्यास गाठतात. 16 नोव्हेंबर 2018 रोजी आलेल्या गज चक्रीवादळाने या प्रदेशाची किती हानी केली, हे सर्वश्रुत आहे. म्हणूनच शेतकरी पिकाचा विमा उतरवतो. सांबाच्या विम्याची मुदत बहुधा नोव्हेंबरच्या मध्यास संपते आणि अर्जासोबत ‘अडंगल’चा उतारा जोडावा लागतो. कोणत्या शेतात कोणते पीक उभे आहे, हे सांगणारी ही गावची नोंद होय. महाराष्ट्रातील वाचकांस गाव नमुना बारा परिचित आहे. अडंगल हे त्याचेच भावंड समजावे. पूर्वी या नोंदी गावचा कर्णम, म्हणजे आपल्याकडील कुलकर्णी, ठेवीत असे. 1980 मध्ये तमिळनाडूत ते वंशपरंपरागत पद रद्द झाले आणि ग्राम प्रशासन अधिकारी हे काम पाहू लागले.

जमिनीच्या आणि पिकांच्या नोंदी आता संगणकातील डेटाबेसमध्ये ठेवल्या जातात. मुदतीच्या अखेरच्या दिवसांत उतारा मिळण्यास विलंब झाला, तर शेतकऱ्याचा दिवस वाया जातो, क्वचित विम्याचे संरक्षणही हुकते. असा विलंब का होतो आणि त्याचे कारण कसे शोधावे, हा या पाठाचा विषय आहे. येथे घेतलेल्या सारण्या व त्यांचे आकडे समजुतीसाठी कल्पिलेले आहेत. ते कोणत्याही सरकारी यंत्रणेचे नव्हेत.

१. काय हवे ते सांगावे. कसे आणावे ते नव्हे

1970 मध्ये आयबीएम कंपनीतील गणितज्ञ एडगर कॉड यांनी संबंधात्मक डेटाबेसची कल्पना मांडली. सर्व माहिती सारण्यांत ठेवावी आणि सारण्यांचा परस्परसंबंध त्यांतील समान मूल्यांवरून जोडावा, असे तिचे सार आहे. आपल्या उदाहरणात दोन सारण्या आहेत, असे समजू. ‘खातेदार’ या सारणीत खाते क्रमांक, नाव व गाव असून, ‘अडंगल’ या सारणीत गाव, भूमापन क्रमांक, पोटविभाग, खाते क्रमांक, फसली वर्ष, हंगाम व पीक हे रकाने आहेत.

डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नास क्वेरी म्हणतात. क्वेरीत काय हवे एवढेच सांगितलेले असते. माहिती कोणत्या मार्गाने आणावी, हे डेटाबेसमधील ‘नियोजक’ ठरवतो. उपलब्ध मार्गांपैकी प्रत्येकाचा अंदाजे खर्च काढून सर्वांत स्वस्त मार्ग निवडण्याची ही पद्धत पॅट्रिशिया सेलिंजर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1979 मध्ये प्रसिद्ध केली. आजचे बहुतेक डेटाबेस याच विचारावर चालतात. या सोयीमुळे मार्ग विचारणाऱ्याच्या नजरेआड राहतो. म्हणून क्वेरी रेंगाळली म्हणजे तर्क करीत न बसता, तिने कोणता मार्ग धरला हे यंत्रालाच विचारले पाहिजे.

२. सूचीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा

तंजावरच्या राजवाड्यात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. भोसले घराण्यातील सरफोजी दुसरे यांनी (कारकीर्द 1798 ते 1832) त्याची भरभराट केली. तेथील संस्कृत हस्तलिखितांची वर्गीकृत सूची ए. सी. बर्नेल यांनी तयार केली आणि ती 1880 मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाली. अशी सूची नसती, तर एका पोथीसाठी प्रत्येक रुमाल सोडून पाहावा लागला असता. डेटाबेसमध्येही हेच दोन मार्ग असतात : सारणीचे संपूर्ण वाचन, किंवा सूचीच्या, म्हणजे इंडेक्सच्या, आधारे थेट शोध.

अडंगल सारणीत 2 कोटी ओळी आहेत आणि 8 किलोबाइटच्या एका पानावर 100 ओळी मावतात, असे समजू. तेव्हा सारणीची 2 लाख पाने, म्हणजे सुमारे 1.6 गिगाबाइट माहिती झाली. तबकडीवरून सेकंदास 100 मेगाबाइट वाचले, तर संपूर्ण वाचनास 16 सेकंद लागतील. याउलट बायर आणि मॅक्राइट यांनी 1972 मध्ये प्रसिद्ध केलेल्या बी-ट्री या रचनेत सूचीचे प्रत्येक पान शेकडो पानांकडे वाट दाखवते. एका पानावर 200 वाटा असल्या, तरी चार पायऱ्यांत 160 कोटी नोंदींपर्यंत पोहोचता येते. म्हणजे हवी ती ओळ पाच पाने वाचून हाती लागते. प्रत्येक पानास एक शतांश सेकंद धरला, तरी काम एका सेकंदाच्या विसाव्या भागात उरकते.

परंतु सूची कोणत्या क्रमाने लावली आहे, यास फार महत्त्व आहे. भूमापन क्रमांक प्रत्येक गावात पुन्हा एकपासून सुरू होतात. क्रमांक 47 शेकडो गावांत असणार. म्हणून सूची आधी गाव, मग भूमापन क्रमांक, मग पोटविभाग अशी लावतात. गाव व क्रमांक दोन्ही देणाऱ्या क्वेरीस ती उत्तम उपयोगी पडते. गाव न सांगता केवळ क्रमांक दिला, तर तिचा लाभ फारसा होत नाही. शब्दकोशात दुसऱ्या अक्षरावरून शब्द शोधण्यासारखाच तो प्रकार होय. नावाचा केवळ शेवटचा भाग देऊन खातेदार शोधणाऱ्यासही हीच अडचण येते.

मूल्यांची वाटणीही विषम असते. एका शेतकऱ्याच्या खात्यावर चारदोन ओळी असतील. परंतु सरकारी ‘पोरंबोक’ जमिनीच्या, म्हणजे रस्ते, कालवे, तळी इत्यादींच्या, लक्षावधी ओळी एकाच मालकाच्या नावे असू शकतात. पहिल्या प्रश्नास सूची योग्य. दुसऱ्यास संपूर्ण वाचनच स्वस्त. संपूर्ण वाचन दिसताच त्यास दोष मानणे म्हणूनच बरोबर नाही.

३. आधी मोजमाप, मग निदान

तक्रार ‘यंत्र संथ आहे’ एवढीच असते. त्यातून दोषी क्वेरी हुडकण्यासाठी सतत चालणारी नोंद हवी. मायएसक्यूएलमध्ये ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक वेळ घेणाऱ्या क्वेरींची नोंदवही ठेवता येते; पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये प्रत्येक प्रकारची क्वेरी किती वेळा चालली आणि तिने एकूण किती वेळ घेतला, याची गोळाबेरीज मिळते. ती वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट अशी की, एकूण भार हा वेळ आणि संख्या यांचा गुणाकार असतो. 60 सेकंद घेणारी क्वेरी दिवसातून एकदा चालत असेल, आणि 30 सहस्रांश सेकंद घेणारी क्वेरी एक लाख वेळा चालत असेल, तर दुसरीचा भार 3,000 सेकंद, म्हणजे पहिलीच्या पन्नासपट, होतो.

दुसरी गोष्ट अशी की, सरासरी फसवी असते. शंभर उताऱ्यांपैकी 95 एका सेकंदात आणि 5 साठ सेकंदांत निघाले, तर सरासरी सुमारे 4 सेकंद येते. प्रत्यक्षात 4 सेकंद कोणासच लागलेले नाहीत आणि रांगेत ताटकळलेले पाच जण त्या आकड्यात दिसेनासे होतात. म्हणून सरासरीबरोबर सर्वांत संथ शेकडा पाच क्वेरींचा वेळही पाहावा.

४. कार्ययोजनेचे वाचन : फसली वर्षाचे उदाहरण

संशयित क्वेरी सापडली, की ‘एक्स्प्लेन’ ही आज्ञा देऊन तिची कार्ययोजना मागवावी. तिच्याच ‘एक्स्प्लेन अ‍ॅनलाइझ’ या रूपात क्वेरी प्रत्यक्ष चालते आणि प्रत्येक पायरीवर दोन आकडे मिळतात : नियोजकाने किती ओळी अपेक्षिल्या, आणि किती निघाल्या. या दोहोंत मोठी तफावत जेथे प्रथम दिसते, तेथे बहुधा दुखण्याचे मूळ असते.

अडंगल फसली वर्षानुसार लिहितात. तमिळनाडूत हे वर्ष 1 जुलै रोजी सुरू होते. फसली 1434 हे 1 जुलै 2024 ते 30 जून 2025 या काळाचे वर्ष होय. आता अशी क्वेरी घेऊ : एका तालुक्यात फसली 1434 मध्ये सांबा नोंदलेल्या ओळी खातेदारांच्या नावांसह द्याव्यात. उत्तरात 40,000 ओळी आहेत. जूनमध्ये मागील वर्षासाठी हीच क्वेरी काही सेकंदांत चालत होती. नोव्हेंबरात ती सात मिनिटे घेते. क्वेरीतील वर्षाखेरीज काहीच बदललेले नाही, यंत्रही तेच आहे.

कार्ययोजना सांगते : अपेक्षित ओळी 1, प्रत्यक्ष ओळी 40,000. नियोजक आपले अंदाज सारणीतून अधूनमधून घेतलेल्या नमुन्यावरून, म्हणजे तिच्या सांख्यिकीवरून, बांधतो. हा नमुना जूनमध्ये घेतलेला होता. त्यात 1434 हे वर्षच नव्हते. तेव्हा ‘अशी ओळ असलीच तर एखादी’ असे नियोजकाने मानले. एका ओळीसाठी खातेदार सारणीत सूचीने एकदा डोकावणे सर्वांत स्वस्त, म्हणून त्याने तोच मार्ग निवडला. प्रत्यक्षात त्यास 40,000 वेळा डोकवावे लागले. दर खेपेस तबकडीवरील एकच पान, एका शतांश सेकंदात, वाचले असे धरले, तरी 400 सेकंद होतात. खरी संख्या माहीत असती, तर त्याने 20,000 पानांची खातेदार सारणी एकदाच वाचून तिचे स्मृतीत कोष्टक केले असते. हे वाचन दोन सेकंदांच्या आत झाले असते.

सांख्यिकी आपोआप नवी होत नाही काय? होते, परंतु पोस्टग्रेएसक्यूएलच्या मूळ मांडणीत सारणीच्या सुमारे दहा टक्के ओळी बदलल्यावरच होते. 2 कोटींच्या सारणीत 20 लाख ओळी बदलाव्या लागतात. हंगामात 15 लाख नव्या नोंदी झाल्या असल्या, तर जुनाच नमुना कायम राहतो. याचा उपाय साधा आहे. नोंदींचा हंगाम सुरू झाला, की ‘अ‍ॅनलाइझ’ ही आज्ञा देऊन सांख्यिकी ताजी करावी, आणि या सारणीपुरते दहा टक्क्यांचे प्रमाण कमी करावे. अशा प्रसंगी नवी सूची बांधणे किंवा मोठे यंत्र विकत घेणे म्हणजे रोग एक आणि औषध दुसरेच असा प्रकार होईल.

५. संथ क्वेरी आणि खोळंबलेली क्वेरी

कधी कधी कार्ययोजना निर्दोष असते आणि यंत्राचा प्रक्रियक जवळजवळ स्वस्थ असतो. तरीही काम पुढे सरकत नाही. अशा वेळी क्वेरी कोणाची तरी वाट पाहत असते. एकच ओळ एकाच वेळी दोघांनी बदलू नये, म्हणून डेटाबेस तिला कुलूप लावतो. एखाद्याने दुरुस्ती आरंभून व्यवहार पूर्ण न करता पडदा तसाच उघडा ठेवला, तर त्या ओळीची दुरुस्ती करू पाहणारे सर्व जण त्याच्यामागे खोळंबतात. कालव्याचे दार बंद असता खालच्या शेतकऱ्याने आपला पाट कितीही खोल केला, तरी पाणी येत नाही. त्याचप्रमाणे येथे सूची बांधून उपयोग नाही. कोण कोणासाठी थांबले आहे हे दाखवणारी सारणी बहुतेक डेटाबेसांत असते. ती पाहून साखळीच्या टोकाचा व्यवहार शोधावा आणि पुढे व्यवहार लहान व अल्पकाळ ठेवावेत.

६. उपायांचा क्रम

निदान झाल्यावर एका वेळी एकच बदल करावा आणि पुन्हा मोजावे. दोन बदल एकदम केले, तर कोणत्याने गुण आला हे कळत नाही. नवी सूची फुकट नसते : प्रत्येक नव्या नोंदीबरोबर तिच्यातही भर घालावी लागते. म्हणून वाचनासाठी दहा सूच्या बांधल्या, तर ग्राम अधिकाऱ्याची पीकनोंद तितकीच जड होते. तपासणी खऱ्या प्रमाणातील माहितीवर करावी. शंभर ओळींच्या सारणीवर प्रत्येक मार्ग वेगवानच भासतो. आणि ती मुदतीच्या आठवड्यात न करता, नवे फसली वर्ष सुरू होताच करावी. धरणाची दारे जून महिन्यात पाणी सोडण्यापूर्वी तपासतात, नंतर नव्हे.

सारांश, क्वेरीचा संथपणा हा दैवयोग नव्हे. कोणती क्वेरी, तिने कोणता मार्ग धरला, तो कोणत्या अंदाजावर धरला, आणि ती काम करीत आहे की थांबली आहे, या चार प्रश्नांची उत्तरे यंत्राकडून क्रमाने घेतली, तर बहुतेक वेळा कारण सापडते.

विचारासाठी प्रश्न

1. गाव, भूमापन क्रमांक व पोटविभाग अशा क्रमाने लावलेली सूची ‘एका गावातील सर्व शेते’ या प्रश्नास उपयोगी पडेल काय? कारण द्या.
2. 200 उताऱ्यांपैकी 190 दोन सेकंदांत व 10 बेचाळीस सेकंदांत निघाले. सरासरी काढा आणि तिच्यातून कोणती गोष्ट झाकली जाते ते सांगा.
3. अपेक्षित ओळी 40,000 आणि प्रत्यक्ष ओळी 1 असे उलट आढळले, तर नियोजकाने कोणता मार्ग निवडला असेल व त्यात कोणते श्रम वाया गेले असतील?