कष्टाचं शरीर आधी का थकतं?

प्रश्न : आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशी आणि माझी आई, दोघीही ६४ वर्षांच्या. मावशी दिवसभर राबतात. आई निवृत्त शिक्षिका, सकाळी फिरून येते तेवढंच. तरी गुडघे मावशींचे गेले, दातही त्यांचेच पडले. कष्टाने शरीर काटक होतं ना?

उत्तर : होतं, पण पोटभर सकस खाणं आणि विश्रांती मिळाली तर. तुमच्या आई पाय दुखला की घरी परततात. मावशींना त्याच दुखऱ्या गुडघ्यांवर उकिडवं बसून पुढच्या घरची फरशी पुसावी लागते. खाडा केला की पैसे कापले जातात, म्हणून दवाखाना पुढे ढकलला जातो.

दातांचंच बघा. किडलेला दात वाचवायचा तर रूट कॅनॉलला हजारो रुपये लागतात, उपटायला थोडक्यात भागतं. अशा चार-पाच दाढा गेल्या की शेंगदाणे, फुटाणे, मटकीची उसळ चावत नाही. मग आमटीत कुस्करलेली भाकरी, नाहीतर चहात बुडवलेली चपाती. प्रथिनं कमी पडतात, स्नायू झडतात, तोल जातो. सत्तरीत खुब्याचं हाड मोडतं, त्यामागे पन्नाशीत गमावलेल्या दाढाही असू शकतात.

पण नुसत्या गरिबीने याचा उलगडा होत नाही. १९६७मध्ये लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या सुमारे १८ हजार पुरुषांचा अभ्यास सुरू झाला. संशोधक मायकेल मार्मट यांच्यामुळे तो जगभर पोचला. तिथे सगळ्यांना पक्की नोकरी होती, उपचार मोफत होते. तरी हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वांत खालच्या श्रेणीत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघाले. विडी-सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल जमेस धरूनही बराचसा फरक उरलाच. पुढच्या अभ्यासात एक कारण दिसलं : आपल्या कामावर आपला ताबा नसणं. मावशींचा दिवस तर दुसऱ्यांच्या घड्याळांवर चालतो.

सरकारी मदतीचं म्हणाल, तर पासष्टीनंतर राज्याच्या श्रावणबाळ योजनेत दरमहा १५०० रुपये मिळतात, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं. म्हणजे महिन्याला १७५०! दोन-तीन घरची कामं करणारी बाईही त्यात बसत नाही. ही अट बदललीच पाहिजे. सत्तरीनंतरच्या आयुष्मान कार्डाला उत्पन्नाची अट नाही, मात्र ते मुख्यतः रुग्णालयात भरती झाल्यावर उपयोगी पडतं. रोजच्या रक्तदाबाच्या गोळीला नाही. तेव्हा मावशींना महिन्यातून चार पगारी सुट्ट्या आणि फरशीसाठी उभ्याने पुसायचा मॉप, एवढं तुम्ही याच आठवड्यात करू शकता.