वस्तीवरचा वॉकीटॉकी: संच घेण्याआधी काय पाहावे



या अंकातला अभ्यासलेख यंत्राविषयी आहे. थिऑलॉजीचा डिप्लोमा घेतलेल्या बाईने बिनतारी संचांवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. मलाही वाटते. पण गेल्या दोन वर्षांत या विषयात मी ज्या चुका केल्या, त्या दुसऱ्या मंडळींनी आणि संस्थांनी पुन्हा करू नयेत, म्हणून लिहिते.

जावळी तालुक्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरात आमच्या कामातल्या चार कातकरी वस्त्या आहेत. खालच्या गावात मोबाईलला रेंज आहे, आशाताई तिथेच राहतात, आणि १०८ ची गाडी तिथल्या डांबरी रस्त्यापर्यंत येते. वस्तीवर मात्र यांपैकी काहीच नाही. दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत एका रात्री तिथली एक बाई अडली. दोन माणसे निरोप घेऊन निघाली, पण ओढ्याला पाणी होते. ते उतरेपर्यंत थांबावे लागले आणि आशाताईंना निरोप मिळाला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. बाई वाचली. बाळ वाचले नाही.

मला त्या दिवशी २०१९ चा सांगलीचा पूर आठवला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, हे सांगलीतल्या शाळेच्या मुलालाही पाठ असते. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. वीज गेली, फोन उतरले, आणि एका गल्लीतली माणसे दुसऱ्या गल्लीत कोण अडकले आहे हे ओरडून विचारत होती. मदतीचे सामान आमच्याकडे होते. ते कुठे न्यायचे, हे सांगायला कोणी नव्हते. तेव्हाच वॉकीटॉकीचा विचार मनात आला होता. पूर ओसरला आणि तो विचारही मागे पडला.

जुलैच्या त्या घटनेविषयी मी एका उपासनेनंतर बोलले. महिन्याभरात एका देणगीदार कुटुंबाकडून खोके आले. आत सहा संच होते, काळे, जड, लांब एरियलचे. ऑनलाइन मागवले होते आणि खोक्यावर पाच वॅट लिहिलेले होते. आम्ही देवाचे आभार मानले, फोटो काढले, बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या.

आमच्या मंडळीत पोलीस बिनतारी विभागातून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांनी संच हातात घेतला, दोन बटणे दाबली आणि कोणा परक्याचे कामाचे बोलणे खोलीत ऐकू आले. काकांनी संच बंद केला, बॅटरी काढून टेबलावर ठेवली आणि विचारले, "बाई, परवाना कुठे आहे?"

परवाना नव्हता. परवाना लागतो हेच मला ठाऊक नव्हते. इथून माझा खरा अभ्यास सुरू झाला.

आपल्या देशात बिनतारी संच नुसता जवळ बाळगण्यालाही १९३३ पासून कायदा आहे. कोणत्या कंप्रतेवर, म्हणजे रेडिओच्या कोणत्या पट्ट्यात बोलायचे, हे दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी ही शाखा ठरवते. पोलीस, वनखाते, विमानतळ, बोटी, प्रत्येकाला पट्टे वाटून दिलेले आहेत. आमच्याकडे आलेले संच वाटेल त्या पट्ट्यावर बोलू शकत होते. विकणारा यालाच गुण म्हणून सांगतो. कल्पना करा, दरड कोसळलेल्या रात्री बचाव पथकाच्या बोलण्यात आमच्या वस्तीवरचे एखादे पोर बटण दाबून बसले आहे. मदत करायला निघालेले आपण कोणाच्या तरी मदतीच्या आड येऊ.

असे संच सर्रास विकले जात होते. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकी विकणाऱ्या ऑनलाइन बाजारांना नोटिसा पाठवल्या आणि महिनाअखेरीस त्यांच्यासाठी मार्गदर्शक तत्त्वेही काढली. तेव्हा आमच्या देणगीदारांची चूक नव्हती. पानावर परवान्याचा एक शब्द नसेल, तर गिऱ्हाइकाला कळणार कसे? तरी त्यांना पत्र लिहिणे फार जड गेले. प्रेमाने दिलेली वस्तू परत करायची होती. चार मसुदे फाडले आणि शेवटी फोनच केला. पलीकडे थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग त्या भगिनींनी विचारले, "मग चालणारे कुठले, ते सांगा." संच त्यांनीच विकणाऱ्याला परत पाठवले.

चालणारे कुठले, तर सामान्य माणसाला मार्ग तीन आहेत.

पहिला, विनापरवाना पट्टा. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा छोटासा पट्टा २०१८ च्या नियमांनी कमी शक्तीच्या हातातल्या संचांसाठी मोकळा केला आहे. वापरणाऱ्याला परवाना लागत नाही, पण संचाच्या नमुन्याला सरकारी मान्यता असावी लागते. तिला ईटीए म्हणतात. दुकानदाराकडे या प्रमाणपत्राची प्रत मागा. देत नसेल तर दुकान बदला. २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा नागरिक पट्टाही मोकळा आहे, पण त्याची एरियल लांब लागते. ती गाडीवर ठीक, डोंगर चढणाऱ्याला अडचणीची.

दुसरा मार्ग हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी परवान्याचा. बारा वर्षांवरील कोणालाही परीक्षा देऊन तो मिळवता येतो. २००१ च्या भूज भूकंपात हॅम मंडळींनी मोठे काम केले. आपल्या तरुण संघातील मुलांनी ही परीक्षा जरूर द्यावी. मात्र हा परवाना त्या व्यक्तीचा असतो. संस्थेच्या रोजच्या कामाचे निरोप त्यावरून देता येत नाहीत आणि संच बिनपरवाना माणसाच्या हाती सोपवता येत नाही.

तिसरा मार्ग संस्थेने स्वतःचा परवाना आणि स्वतःची कंप्रता घेण्याचा. मोठ्या रुग्णालयाला तो परवडेल. आमच्यासारख्यांसाठी पहिलाच मार्ग.

पहिल्या मार्गाचे संच हातात आले तेव्हा आमचे कार्यकर्ते हिरमुसले. लहानसा संच, बोटभर एरियल आणि शक्ती साधारण अर्धा वॅट. "पाच वॅटचे परत करून हे आणले?" असे एकाने तोंडावर विचारले. काकांनी त्याला टॉर्चचा दाखला दिला. समोर डोंगर असेल तर लहान टॉर्चचा उजेड पलीकडे जात नाही आणि मोठ्या टॉर्चचाही जात नाही. टॉर्च घेऊन डोंगरावर चढलास तर लहान टॉर्चसुद्धा दोन्हीकडून दिसेल. या पट्ट्यातल्या लहरी बऱ्याचशा उजेडासारख्या सरळ जातात. म्हणून वॅटपेक्षा तुम्ही कुठे उभे आहात याला जास्त किंमत आहे.

खोक्यावर दहा किलोमीटर लिहिलेले असते, त्याचा अर्थही यावरून कळतो. संच तोंडाजवळ, जमिनीपासून दीड मीटरवर धरला, तर अगदी सपाट जागीही क्षितिज साडेचार किलोमीटरच्या आतच असते. खोक्यावरचा आकडा मोकळ्या मैदानाचा किंवा टेकडीवरून टेकडीवरचा. सांगलीच्या बाजूला, नदीकाठच्या सपाटीवर, आम्हाला दोन किलोमीटर सहज मिळाले. घरांच्या दाटीत एकही मिळाला नाही. जावळीत तर वस्तीवरून खालच्या गावात चकार शब्द पोचला नाही, कारण मध्ये डोंगराची सोंड आहे.

त्या दिवशी आम्ही सगळे खाली मान घालून परतलो. दुसऱ्या आठवड्यात वस्तीवरचाच शेळ्या राखणारा एक तरुण म्हणाला, "खिंडीतून दोन्हीकडचे कोंबडे ऐकू येतात. तिथून बोलून बघा." खिंडीतल्या उंबराखाली उभे राहून बोललो आणि आशाताईंचा आवाज स्पष्ट आला. वस्तीपासून खिंड वीस-पंचवीस मिनिटांची चढण आहे. खालच्या गावाची वाट पावसात अडीच तासांची, तीही ओढा वाट देईल तेव्हा. आमच्या वॉकीटॉकीने वाचवले ते एवढेच अंतर. हा मुलगा आमच्यापेक्षा आधी ओळखून होता.

आता सोबतच्या सामानाविषयी. पैसे वाचवायला लोक संच चांगला घेतात आणि यात काटकसर करतात. मी उलट सांगेन.

बॅटरी सर्वांत महत्त्वाची. कंपनी 'दहा तास' लिहिते तेव्हा बहुधा पाच टक्के वेळ बोलणे, पाच टक्के ऐकणे आणि नव्वद टक्के नुसते चालू राहणे असा हिशोब धरलेला असतो. पुराच्या दिवशी आपण त्याच्या कितीतरी पट बोलतो. म्हणून प्रत्येक संचामागे दुसरी बॅटरी घ्याच. साध्या पेन्सिल सेलवरही चालणारा संच मिळाला तर उत्तम, कारण सेल बाजाराच्या गावी मिळतात. चार्जर यूएसबीचा असेल तर पॉवरबँक आणि लहान सौर पॅनेलही कामी येते. आषाढात सौर पॅनेलवर फार भिस्त ठेवू नका. आमचे पॅनेल त्या महिन्यात बहुतेक खुंटीवरच होते.

पावसासाठी संचावरचा आयपी आकडा पाहा. आयपी ५४ म्हणजे शिंतोडे सोसेल. आयपी ६७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास पडला तरी टिकेल. नदीकाठच्या कामाला दुसराच हवा. महाबळेश्वर-जावळीच्या पावसाला शिंतोडे म्हणत नाहीत, तेव्हा वस्तीसाठीही तोच. कॉलरला अडकवायचा माइक मला आधी चैनीचा वाटला होता. पण धो धो पावसात संच इरल्याखाली कोरडा राहतो आणि काठीचा हात मोकळा राहतो. आता प्रत्येक वस्तीला एक दिला आहे. भिजलेला संच चुलीजवळ वाळवू नका. बॅटरी काढा, पुसा, वाऱ्याला ठेवा.

आवाजाने आपोआप चालू होणारी सोय बंद ठेवा. लहान मूल रडले की संच बोलू लागतो आणि बाकी सगळे गप्प बसतात. 'खासगी कोड' या नावालाही भुलू नका. त्याने आपल्याला इतरांचे ऐकू येत नाही, पण आपले बोलणे कोणीही ऐकू शकतो. आजारी माणसाचे नाव, बाईची अडचण, कोणाच्या घरचे भांडण संचावर बोलायचे नाही, हा नियम आम्ही केला. दोन संचांचे कोड वेगळे झाले तर एकमेकांचे ऐकूही येत नाही. एका पोराने खेळता खेळता कोड बदलला आणि आम्ही तीन दिवस बॅटरीला दोष देत बसलो. तेव्हापासून बटणांना लॉक, आणि चॅनेलच्या आकड्याजवळ नेलपॉलिशचा लाल ठिपका.

बोलण्याचीही शिकवण लागते. बटण दाबल्यावर एक क्षण थांबायचे, मग बोलायचे, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. सरावात एकदा "साप चावला नाही, गाडी नको" यातला शेवटचा शब्द उरला आणि गाडी हवी की नको यावर गोंधळ झाला. करिंथकरांस लिहिताना पौलाने अस्पष्ट वाजणाऱ्या रणशिंगाचा दाखला दिला आहे. तो मला डिप्लोमाच्या वर्गापेक्षा त्या सरावात नीट कळला. आता निरोप दोनदा सांगतात आणि ऐकणारा तो परत म्हणून दाखवतो.

राहिला प्रश्न ऐकणाऱ्याचा. रात्री दोन वाजता खिंडीतून कोणी हाक मारली तर ती ऐकणार कोण? आशाताई दिवसभर दमलेल्या असतात. हा प्रश्न त्यांच्या सासूबाईंनी सोडवला. म्हणाल्या, "मला म्हातारीला झोप कुठे येते? माझ्या उशाशी ठेवा." तेव्हापासून संच त्यांच्या उशाशी, चार्जरमध्ये, चालू. रोज संध्याकाळी सातला खिंडीतून एक चाचणी हाक येते आणि सासूबाई उत्तर देतात. हाक आली नाही तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी वर जाऊन पाहते.

गेल्या पावसाळ्यात ही हाक एकदा पहाटे तीनला आली. सासूबाईंनी आशाताईंना उठवले, आशाताईंनी १०८ ला फोन लावला, आणि ओढ्याच्या अलीकडे खालच्या गावची माणसे दोर घेऊन उभी राहिली. बाईला झोळीतून उतरवले. ती मुलगी आता रांगते.

देणगीदारांना एक विनंती. संच परस्पर विकत घेऊन पाठवू नका, आधी आमच्याशी बोला. आमच्याकडे चालणारे सहा संच आहेत आणि ते पुरेसे आहेत. कमी आहेत त्या बॅटऱ्या, कॉलरचे माइक आणि पाणी न शिरणाऱ्या पिशव्या.

चौथी वस्ती खिंडीतूनही ऐकू येत नाही. ती डोंगराच्या दुसऱ्या अंगाला, अभयारण्याच्या कडेला आहे. वरच्या सड्यावर जायचे तर वनखात्याला आधी विचारले पाहिजे, तसा अर्ज दिला आहे. शेळ्या राखणारा तो तरुण आमच्याबरोबर येणार आहे. कुठे उभे राहायचे, हे या वेळी त्यालाच आधी विचारणार आहोत.