दुरुस्तीनंतर वाजणारा नळ

नळ दुरुस्त करून कारागीर निघून गेल्यावर तो पूर्वीपेक्षा अधिकच आवाज करू लागला, असा अनुभव पुष्कळ घरांत येतो. अशा वेळी कोणी कारागिरास दोष देतो, तर कोणी पाना घेऊन नळ आणखी आवळतो. आवाज नीट ऐकून घेण्याचे मात्र कोणासच सुचत नाही. वास्तविक, दोष कोठे आहे हे आवाजाची जात आणि त्याची वेळ यांवरूनच बहुधा कळते. ध्वनी आणि दाब ही प्रकरणे पाठ्यपुस्तकात निरनिराळी असतात. वाजणारा नळ ती एकत्र आणतो. खेडोपाडी आता घरोघर नळ पोहोचत आहेत, तेव्हा हा पाठ केवळ शहरातील मुलांचा राहिलेला नाही.

उदाहरणासाठी मुंबईची उपनगरे घ्यावीत. विहार तलावाचे पाणी शहरास 1860 मध्ये मिळू लागले, तुळशीचे 1879 मध्ये, आणि शहापूर तालुक्यातील तानसाचे 1892 मध्ये. तानसाचे प्रचंड नळ मुलुंड, घाटकोपर या भागांतून जाताना आजही दिसतात. अंधेरी, बोरिवलीकडील बहुतेक इमारतींत पाणी दिवसातून ठराविक तासच येते. ते प्रथम तळाच्या टाकीत पडते, पंपाने गच्चीवरील टाकीत चढवले जाते आणि तेथून घरोघर उतरते. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम असतो. म्हणून चार मजली इमारतीत तळमजल्याच्या नळाला जो दाब मिळतो, त्याचा लहानसा अंशच वरच्या मजल्यास मिळतो. एकाच कारागिराने एकाच दिवशी बसवलेले दोन नळ खाली वाजतात आणि वर गप्प राहतात, याचे कारण एवढेच असू शकते.

आता आवाजांकडे वळावे. दुरुस्तीनंतर प्रथम पाणी सोडताना शॉवर गुरगुरतो, थुंकल्यासारखे पाणी फेकतो. दुरुस्तीसाठी रिकाम्या केलेल्या नळात शिरलेली हवा बाहेर पडत असते. हा दोष नव्हे. काही मिनिटांत आवाज थांबतो. थेट रस्त्यावरील नळाशी जोडलेल्या तोटीत तो रोज पाणी येण्याच्या वेळी ऐकू येईल, कारण मधल्या काळात नळ रिकामा होतो.

पाणी चालू असेतोवर सतत शीळ येत असेल, तर पाण्याची वाट कोठे तरी अरुंद झाली आहे असे समजावे. कारागिराने बंद केलेली मुख्य चावी पुरती उघडायची राहून जाते, हे फार वेळा घडते. दुसरे कारण म्हणजे कचरा. नळाला आटे पाडताना निघालेला लोखंडाचा कीस, सांध्याला गुंडाळलेल्या सुताचा किंवा टेपचा तुकडा वाहत जाऊन शॉवरच्या चाळणीत अडकतो. चाळणी काढून पाणी मोकळे सोडावे. शीळ थांबली तर दोष चाळणीत. न थांबली तर तो मागे आहे. गरम व थंड पाण्याच्या चाव्या आळीपाळीने उघडल्या म्हणजे तो कोणत्या शाखेत आहे तेही कळते.

याहून चमत्कारिक आवाज म्हणजे घरघर. तोटी थोडी उघडली की सबंध भिंत थरथरते, आणखी उघडली की शांतता होते. जुन्या पद्धतीच्या फिरवायच्या तोटीत हा दोष सैल वायसरचा असतो. जुन्या ट्यूबचे रबर कापून केलेला मऊ वायसर या बाबतीत विशेष बदनाम आहे. त्याच्या खालच्या फटीतून पाणी वेगाने निसटते तेव्हा तेथील दाब कमी होतो आणि वायसर खाली ओढला जातो. वाट मिटताच मागचा दाब त्यास पुन्हा उचलतो. ही उघडझाप सेकंदास अनेक वेळा चालते व तीच आपणांस ऐकू येते. वर्गात कागदाच्या दोन पट्ट्या जवळजवळ धरून त्यांच्यामधून फुंकर मारावी. मुलांची अपेक्षा पट्ट्या दूर जातील अशी असते. त्या जवळ येतात, आणि जोराने फुंकल्यास फडफडतात. वायसरची गोष्ट मग निराळी सांगावी लागत नाही. योग्य मापाचा, पक्का बसणारा वायसर घातला की घरघर जाते. तोटी कितीही आवळून ती जात नाही.

राहिला तो नळ बंद करताच होणारा ‘ठक्’ असा आवाज. हाच खरा काळजीचा होय. वाहते पाणी एकाएकी अडवले तर त्याचा वेग नाहीसा होऊन दाबाची लाट उठते व ती नळातून मागे धावते. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्हस्की यांनी मॉस्कोच्या पाणीपुरवठ्यावर प्रयोग करून 1898 मध्ये याचे गणित मांडले. लोखंडी नळात ही लाट सेकंदास हजार मीटरहून अधिक वेगाने जाते. सेकंदास एक मीटर वेगाचे पाणी क्षणात थांबवल्यास दाब दर चौरस सेंटिमीटरला बारा किलोग्रॅमच्या आसपास वाढतो. गच्चीवरील टाकीचा दाब दीड किलोग्रॅमसुद्धा नसतो, हे येथे आठवावे. जुनी तोटी अनेक फेऱ्यांनी बंद होई, म्हणून पाणी सावकाश थांबे. दुरुस्तीत तिच्या जागी पाव फेऱ्यात मिटणारा नवा नळ बसवला, की तोच हात तीच सवय ठेवून पाणी झटक्यात अडवतो. काम करताना भिंतीवरील पकड सैल झाली असल्यास नळ भिंतीवर आपटतो, आणि ठोका दुणावतो. उपाय अवघड नाहीत: नळ हळू बंद करावा, पकड घट्ट करावी, दाब फार असल्यास मागील चावी किंचित मिटावी.

हा ठोका रोज बसत राहिला तर कमकुवत सांधे ढिले होतात. भिंतीतील सांधा गळला तर ओल दिसते. जमिनीतील गळला तर काहीच दिसत नाही. तो नळ गटाराजवळून जात असेल तर धोका मोठा. पाणी चालू असताना गळती बाहेर वाहते. पाणी बंद होऊन नळातील दाब उतरला की त्याच छिद्रातून बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पाण्याबरोबर हंड्यात येते. ठराविक तासच पाणी येणाऱ्या प्रत्येक गावाला हे लागू आहे. पाणी आल्यावर पहिली काही भांडी गढूळ किंवा वासाची निघू लागली, तर शिक्षकांनी ते मुलांकरवी घरी कळवावे, ग्रामपंचायतीस सांगावे, आणि पाणी उकळून पिण्यास सांगावे.

पाठासाठी शाळेची एक तोटी आणि लाकडी पट्टी पुरे. पट्टीचे एक टोक नळावर टेकवून दुसरे कानाशी धरले, म्हणजे हवेतून न ऐकू येणारा आवाजही स्पष्ट येतो. जमिनीतील गळती हुडकण्यासाठी रात्रीच्या शांततेत लोखंडी सळई अशीच नळावर टेकवून ऐकण्याची रीत जुनी आहे. मुलांनी तोटी कमीअधिक उघडून कोणत्या वेळी कोणता आवाज येतो ते वहीत टिपावे. कारण मागाहून विचारावे. एखादा मुलगा विचारील की शॉवर बंद केल्यावरही तो थोडा वेळ का ठिबकतो. चाळणीच्या वरच्या वाकड्या नळीत उरलेले पाणी ते. काही मिनिटांत थांबले तर वायसर बदलण्याचे कारण नाही.