गोदावरीचा गाळ आणि कोनसीमेचे माड

आपली गोदावरी त्र्यंबकेश्वरी उगम पावते. नाशिक, पैठण, नांदेड करीत ती तेलंगणात व पुढे आंध्रात शिरते. सुमारे १४६५ किलोमीटर चालून ती बंगालच्या उपसागराला मिळते. आपल्या शेतांतली माती ती बरोबर नेते. ही माती जाते कुठे?

समुद्राजवळ जमीन सपाट होते. नदी मंदावते. तिला फाटे फुटतात आणि गाळ खाली बसतो. अशा मुलखाला त्रिभुज प्रदेश म्हणतात. आंध्रात गोदावरीच्या गौतमी व वसिष्ठा या फाट्यांमध्ये कोनसीमा नावाचा मुलूख आहे. तिथे जिकडे पाहावे तिकडे माडच माड!

माडाला तिथे काय मिळाले? उबदार, दमट हवा मिळाली. भुसभुशीत गाळ मिळाला. माडाला सोटमूळ नसते. दोरीसारखी पुष्कळ मुळे बुंध्यापासून चहूकडे पसरतात. त्यांना ओल लागते, तशी हवाही लागते. म्हणून माडाला खेळते पाणी मानवते, साचलेले नाही.

पाणी मात्र बारमाही हवे. धवळेश्वरम येथे आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनिअरने नदीवर बंधारा बांधला. तो १८५२ साली पुरा झाला. कालवे गावोगाव गेले. त्या भागात आजही कॉटनसाहेबांच्या पुतळ्याला हार घालतात.

लोकांची रीतही शहाणपणाची. खोलगट शेतात भात लावायचा आणि उंच बांधावर माड. बागेत माडाखाली केळी लावायची. जाणता शेतकरी बियाण्याचा नारळ वाटेल त्या झाडाचा घेत नाही. वर्षानुवर्षे भरपूर फळ देणारा माड तो आधी हेरून ठेवतो. शहाळ्याच्या पाण्यासाठी तिथे गंगाबोंडाम नावाची खास जात आहे. माडाचे काहीच वाया जात नाही. खोबऱ्याचे तेल होते, सोडणाचा काथ्या होतो, झावळ्यांचा आडोसा होतो.

पण नदी देते तसा समुद्र नेतोही. नोव्हेंबर १९९६ मध्ये मोठे चक्रीवादळ आले. माणसे दगावली, माड आडवे झाले. नवा उंच जातीचा माड फळाला यायला सहा-सात वर्षे लागतात. तोवर घर चालवायचे कसे?

दुसरे संकट आवाज न करता येते. माड समुद्राचा खारा वारा सोसतो. पण मुळाशी खारे पाणी तुंबले, की त्याचा शेंडा झडतो. राझोल भागात शंकरगुप्तम नाल्यातून भरतीचे पाणी बागांत शिरले. माड वाळून नुसते खांब उरले. २०२५ साली शेतकऱ्यांनी हे गाऱ्हाणे सरकारपुढे मांडले.

मंडळी, वादळ आपल्या हाती नाही. नाला उपसणे हाती आहे. पण एकट्याने आपला चर उपसून भागत नाही. खालच्याचा चर बुजला, तर वरच्याचे शेत बुडते. पाणी बांध ओळखत नाही. म्हणून हे काम साऱ्या गावाने मिळून, पावसाआधी करावे.

विचार करा :
१. माडाच्या मुळांना ओलीबरोबर आणखी काय लागते?
२. आपल्या गावचा नाला शेवटी कधी उपसला?